भोकाचं पक्वान्न

त्र्यंबक आगाशे मॅट्रिकला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा इंग्रजीने त्याला उठवलं. चौथ्यांदा बसायची त्याची तयारी होती, पण त्याला पाठवायची गोदूआत्याची तयारी नव्हती. “पुरे झालं,” ती म्हणाली. “सरस्वतीला तरी किती वेळा तेच तोंड दाखवशील?”

गोदूआत्या ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती कल्याणला पारनाक्यावर भावाच्या घरी परत आली. पुढे भावजय गेली, मागोमाग भाऊही गेला, आणि चार वर्षांचा त्र्यंबक तिच्या पदरात पडला. तिने त्याला लोकांच्या कढयांवर वाढवला. कल्याणात कोणाकडे मुंज असो, डोहाळजेवण असो, दिवाळी असो, गोदूबाईंना बोलावणं जायचंच. चकलीला काटा, अनारशाला जाळी, करंजीला सुबक मुरड. तिच्या हाताखालून गेलेल्या जिनसाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. ते काम ती स्वतः करायची. दुसऱ्यांनी वाखाणलेली करंजी ती उजेडात धरायची आणि म्हणायची, “सारण एका कुशीला झोपलंय.”

भट्टीपुढे बसून बसून तिच्या हातांवरची लव कधीच जळून गेली होती. आपला त्र्यंबक खुर्चीवर बसून काम करील, त्याच्यापुढे टेबल असेल आणि टेबलावर दौत असेल, एवढीच तिची इच्छा होती. देवाकडे तिने दुसरं काही मागितलं नाही. देवाने मात्र त्र्यंबकला इंग्रजी दिलं नाही.

लढाईच्या दिवसांत कल्याणपलीकडच्या माळावर लष्कराचा कॅम्प पडला. बरॅकींच्या रांगा, तारेचं कुंपण आणि त्यात गोरे सोजीर. त्र्यंबक तिथल्या एका कँटीनमध्ये कारकून म्हणून चिकटला. आत्याने शेजाऱ्याला बसवून झाडून साऱ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहवली. ‘चि. त्र्यंबक लष्करात कारकून झाला. खुर्ची मिळाली.’ पेणचे भाऊकाका, म्हणजे तिचे चुलतभाऊ, यांना तर दोन गेली. पहिलं पोचलं नसेल तर, म्हणून.

खुर्ची बरोबर नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी साहेबाने त्र्यंबकने लिहिलेलं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी सोडलं. इंग्रजीने तिथेही त्याला उठवलं होतं. आत सांतान नावाचा गोवेकर खानसामा भल्यामोठ्या कढईपुढे घामाघूम होऊन उभा होता. त्याने काही विचारलं नाही, सांगितलं नाही. त्र्यंबकच्या हातात झारा दिला आणि स्वतः विडी ओढायला बाहेर गेला.

कढईत तरंगत होते ते डोनट. जाडजूड, गोल, मध्ये भोक. त्र्यंबकने एक उलटला. तो असा काही अंगाबरोबर उलटला, असा बदामी रंग घेऊन वर आला, की आतापर्यंत कशात म्हणून काही न जमलेल्या त्या पोराला एकदम हसू आलं. महिन्याभरात सांतान नुसता विडीच ओढू लागला. तारेच्या आत सोजिरांची रांग लागायची, आणि कढईपुढे त्र्यंबक एखाद्या राजासारखा उभा. घरी मात्र तो कारकूनच राहिला. रोज निघताना आत्या त्याच्या सदऱ्याच्या खिशाला टाक लावून द्यायची, आणि तो टाक दिवसभर खुंटीवरच्या सदऱ्यात लोंबकळत असायचा.

लढाई संपली, कॅम्प रिकामा झाला. निघताना सांतानने त्र्यंबकला डोनट पाडायचा साचा दिला: पत्र्याच्या दोन कड्या, एकीत एक बसवलेल्या, वर धरायला लाकडी गुंडी. वस्तू एवढीशी, पण त्र्यंबकने ती जानव्यासारखी जपली.

पुढे ठाकुर्लीला रेल्वेच्या पॉवर हाउसमध्ये त्याला स्टोअरमध्ये नोकरी लागली. तिथे पत्रं लिहायची नव्हती, स्क्रू आणि वॉशर द्यायचे होते, म्हणून ती टिकली. आता खरोखरची खुर्ची आली, टेबल आलं. अठ्ठेचाळीस साली ठाण्याच्या मास्तरांची प्रमोदिनी त्याला सांगून आली, लग्न झालं आणि बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर, विहिरीपलीकडे भातशेतं.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदाच घरी यायचे होते. त्र्यंबकने ठरवलं, आज कळू द्या सगळ्यांना. आत्या सकाळी गणपतीच्या देवळात गेली तशी त्याने बाह्या वर केल्या. सांतानच्या कृतीत अंडी होती. ती गाळून त्याने आंबट दही घेतलं आणि चिमूटभर सोडा. त्यात मैदा, रेशनच्या साखरेतली वाचवून दळलेली पिठी, लोण्याचा गोळा, किसलेलं जायफळ. मळून, ओल्या फडक्याखाली तासभर निजवून, अंगठ्याएवढं जाड लाटून साच्याने पाडले. मंद आचेवर तळले. गरम असतानाच पिठीसाखरेत घोळवले. प्रमोदिनी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. आपला नवरा स्वयंपाक करतो हे सांगून येताना कोणी तिला सांगितलं नव्हतं.

ताटात रास लागली आणि आत्या देवळातून आली. उंबरठ्यातच थबकली.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोण जाणार?” त्र्यंबक म्हणाला.

“मग हे श्राद्धाचे वडे कोणाचे?”

त्र्यंबकच्या हातातला झारा तसाच राहिला. आगाशांच्या घरी वड्याला भोक पडायचं ते फक्त श्राद्धाच्या दिवशी. मंगलकार्याचा वडा भरीव, पितरांचा वडा भोकाचा. हे तो लहानपणापासून बघत आला होता. आत्याच त्याला शेजारी बसवून सांगायची, “बोट घाल मध्ये, तुझ्या बाबांचं पान आहे.” पण कॅम्पात चार वर्षं इतकी भोकं बघितली होती की हे भोक आणि ते भोक एकच, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि आता घरात नवी सून, व्याही वाटेवर, आणि ताटात पितरांसाठी काढावी तशी बावीस वड्यांची रास.

“अगं आत्या, हे वडे नाहीत. हे गोड असतात. साहेबाच्या देशात—”

“साहेबाच्या देशात काय वाटेल ते होवो. ते आपल्या बापाचं श्राद्ध वाढदिवसाला घालतात की काय, ते मला विचारायचं नाही. माझ्या घरात हे चालायचं नाही.”

“एक खाऊन तर बघ.”

आत्याने पदर खोचला. हा पदर खोचला गेला की कल्याणातले आचारीसुद्धा बाजूला व्हायचे. “ऐक,” ती म्हणाली. “भोकाचा वडा मी मेल्यावर माझ्या पानात वाढ. तोवर या उंबरठ्याच्या आत भोक यायचं नाही.”

सासरे आले. त्यांच्यापुढे ताटली ठेवली गेली, तीही अंगणात. मास्तरांनी तीनदा हात पुढे केला आणि तीनदा मागे घेतला. शेवटी नुसता चहा पिऊन, मुलीच्या डोक्यावरून जरा जास्तच वेळ हात फिरवून गेले. अकरा डोनट त्र्यंबकने एकट्याने खाल्ले, रागाने. रात्री पोट दुखलं तेव्हा आत्याने ओवा दिला, पण बोलली नाही.

त्र्यंबक मनातून खट्टू झाला. त्याला बाकी जगाकडून काही नको होतं. आत्याने एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचा डोनट खावा आणि बरा झालाय म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. जिने आयुष्यभर तळलं तिच्याकडून.

म्हणून तो मागे लागला. आधी त्याने भोक न पाडता तळून पाहिले. बाहेरून काळे आणि आतून कच्चे. पातळ लाटले, तर आत्या लांबून बघून म्हणाली, “घारगे झालेत. घारगे म्हणून चांगले आहेत.” मग भोक पाडून त्यात बेदाणा बसवला, तळताना बेदाणा फुगला, उडाला आणि प्रमोदिनीच्या हाताला चटका बसला. लांबट वळून पाहिले, तर शेजारच्या विमलाबाईंनी भिंतीवरून विचारलं, “काय हो, कडबोळ्यांना सूज आली का?” प्रत्येक वेळी आत्या खाटेवरून सूचना करायची. तेल तापलेलं नाही. पीठ सैल आहे. झारा मारू नकोस, उलट. सूचना एकूण एक बरोबर असायच्या. खायची मात्र नाही.

हळूहळू घरात तह झाला. डोनट करायचे ते रविवारी, मागच्या अंगणात, शेगडीवर. भोकाचे डोनट अंगणातूनच डब्यात भरायचे आणि सोमवारी सरळ ठाकुर्लीला न्यायचे. पॉवर हाउसमध्ये त्यांची वाट बघत माणसं टपलेली असायची. तानाजी फिटर एका दमात चार खायचा आणि दर सोमवारी तेच म्हणायचा, “आगाशेभाऊ, तुम्ही ही नोकरी सोडा नि हाटेल टाका. वॉशर काय, कोणीपण देईल.” त्र्यंबक हसून झाकण लावायचा. परक्यांनी वाखाणलेलं मनाला लागत नाही, असा त्याचा अनुभव होता.

आता प्रत्येक डोनटमागे साच्यातून मधली एक इवलीशी चकती निघायची. ती वाया कशाला घालवायची, म्हणून प्रमोदिनीने ती तळली. टम्म फुगून लिंबाएवढी गोळी झाली. गोळीला भोक नाही, तेव्हा गोळीला उंबरठा ओलांडायला हरकत नव्हती. तिने त्या डब्यात भरून फडताळात ठेवल्या. दोन दिवसांनी त्र्यंबकने डबा उघडला तर निम्म्या गायब.

“मांजराने खाल्ल्या असतील,” आत्या जपमाळ ओढत म्हणाली.

“झाकण परत लावून जाणारं मांजर आहे हो,” प्रमोदिनी त्याला हळूच म्हणाली.

मग ते नेहमीचंच झालं. दुपारी सगळं निवांत झालं की आत्या दुधाबरोबर चार गोळ्या खायची. पन्नास साली हेमा झाली, आणि तिला दात आल्यावर आत्या दोन खायची आणि हेमाला दोन द्यायची. त्र्यंबकने एकदा धीर करून विषय काढला. “आत्या, गोळ्या चालतात, मग डोनट का नाही? पीठ तेच, कढई तीच.”

“गोळीला भोक नाही.”

“अगं, पण गोळी त्या भोकातूनच तर निघालेली आहे.”

“वकील झाला नाहीस ते बरं झालं,” आत्या म्हणाली. “अशील फासावर गेलं असतं.”

अशी आठ वर्षं गेली. छप्पन साली पावसाळ्यात आत्याला ताप आला आणि तो महिनाभर रेंगाळला. उठली ती अर्धी होऊन. जिचा आवाज विहिरीपलीकडे जायचा ती आता खाटेवरून हाक मारी आणि शेजारच्या खोलीत ऐकू येत नसे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, जपा. त्र्यंबक जपू लागला. तो तिच्या उशाशी बसायचा.

सर्वपित्री अमावास्या आली. वर्षातला हाच एक दिवस असा, की घरात भोकाचे वडे राजरोस तळले जायचे. मधुभटजी आले, त्र्यंबकच्या वडिलांच्या नावाने सगळं यथासांग झालं. कावळ्याचं पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. भटजी जेवले, खिरीची तिसरी वाटी संपवून पाटावर जरा मागे रेलले. तेवढ्यात आतून आत्याची हाक आली. आश्चर्य म्हणजे ती सगळ्यांना ऐकू आली.

“त्र्यंबक! तुझं ते यंत्र काढ.”

“कुठलं यंत्र?”

“भोक पाडायचं. आणि माझ्या नावाचं एक पान मांड.”

प्रमोदिनीच्या हातातली पळी खाली पडली. “आत्याबाई, असं अभद्र बोलू नये.”

“अभद्र काय त्यात? नाटकवाले रंगीत तालीम करतात की नाही? मला ना मूल ना बाळ. मागे माझं पान वाढणार तो हाच. तो काय वाढणार आहे, कसं वाढणार आहे, ते मी बघून नको ठेवायला? मेल्यावर जायफळ जास्त झालं तर मी कोणाला सांगू? कावळ्याला?”

सगळ्यांनी मधुभटजींकडे बघितलं. भटजींनी शास्त्र आठवायचा प्रयत्न केला. “जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करायची सोय शास्त्रात आहे, गोदूबाई,” ते म्हणाले, “पण त्याचा विधी मोठा आहे. ते असं खाटेवरून होत नाही.”

“मला विधी नको. मला पान हवंय.”

“मी मंत्र म्हणणार नाही.”

“म्हणू नका. तुम्ही नाही म्हटलेत तर ते नुसतं जेवणच झालं की नाही?”

भटजींना हे पटलं. मंत्र न म्हणण्याबद्दल आजवर त्यांना कोणी इतका मान दिला नव्हता. ते उठलेच नाहीत. काय होतंय ते बघायला पाटावरच थांबले.

त्र्यंबकने साचा काढला. अंगणात शेगडी पेटवली. हजारदा केलेली गोष्ट, पण आज पीठ मळताना त्याचं लक्ष आतल्या खाटेकडे होतं. जायफळ किसताना तर किती किसलं याचं भान राहिलं नाही. आत्याला हेमाने आणि प्रमोदिनीने धरून आणून दाराशी पाटावर बसवलं. पुढे केळीचं पान मांडलं. त्र्यंबकने पहिला डोनट काढला, साखरेत घोळवला, आणि आठ वर्षांत प्रथमच डोनटचं भोक उंबरठ्याच्या आत आलं.

आत्याने तो उचलला. उजेडात धरला, करंजी धरायची तसा. मग डोळ्यासमोर आणून भोकातून त्र्यंबककडे बघितलं.

“तसाच दिसतोस,” ती म्हणाली. “तारेपलीकडून दिसला होतास, तसाच.”

“कुठल्या तारेपलीकडून?”

“कॅम्पाच्या. डबा विसरून गेला होतास एकदा. टांगा करून घेऊन आले मी. फाटकावर आत सोडेनात, म्हणून कुंपणाच्या कडेकडेने चालत गेले. म्हटलं, कुठेतरी खुर्चीवर बसलेला दिसेल.”

 खुंटीवरचा सदरा आणि त्यातला टाक त्र्यंबकच्या डोळ्यांपुढे आला. म्हणजे ती रोज सकाळी टाक लावून द्यायची ती, हे माहीत असून.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? माझा जन्म लोकांच्या कढयांपुढे गेला. तुझा जाऊ नये म्हणून तुला शिकवला. आणि बघते तर तू माझ्या कढईच्या चौपट मोठ्या कढईपुढे उभा. मला इतका राग आला, इतका राग आला, की टांगा परत गेला तरी मी रस्त्यातच उभी.” तिने दम घेतला. “राग तुझा नव्हता. तू हसत होतास रे. घामाने निथळत होतास आणि हसत होतास. मला कढईपुढे पन्नास वर्षांत एकदा हसू आलं नाही. हा का हसतो, हेच मला कळेना. म्हणून ते भोक माझ्या डोळ्यांत सलायचं. श्राद्धबिद्ध सगळं नंतरचं.”

 मधुभटजींनी उगाच उपरणं सारखं केलं. त्र्यंबकला रडू येत होतं आणि समोर सहा वर्षांची हेमा टक लावून बघत होती, म्हणून तो शेगडीला वारा घालू लागला.

आत्याने डोनट मोडला. वास घेतला. एक घास खाल्ला, हळूहळू चघळला. तिला आता दात चारच होते. घरातले तिघे, मधुभटजी आणि भिंतीवरून मान लांबवलेल्या विमलाबाई, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“खुसखुशीत आहे,” ती म्हणाली. “आतून जाळी छान पडली आहे.” मग तिने बोटाला लागलेली साखर चाटली. “जायफळ जास्त झालंय. माझ्या खऱ्या पानाला निम्मं घाल.”

आणि उरलेला सगळा संपवला. मधुभटजींनी हळूच विचारलं, की तालमीचा प्रसाद भटजीला चालतो का. चालला. तीन चालले.

एका तालमीत भागेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण आत्या मोठी शिस्तीची. पुढच्या अमावास्येला ती सकाळपासून विचारू लागली, “त्र्यंबक, आज पान नाही का मांडायचं?” निम्म्या जायफळाचे ठीक झाले, पण पीठ घट्ट होतं. त्याच्या पुढच्या अमावास्येला पीठ जमलं, साखर कमी पडली. पुढे पुढे कशात काही कमी राहिलं नाही, तेव्हा ती म्हणू लागली, “नक्की सांगता येत नाही. पुढच्या वेळी बघू.” भिंतीवरचा कावळासुद्धा दर अमावास्येला वेळेवर येऊन बसायला लागला. जायचं लांबणीवर टाकायला तिला डोनट हे फार चांगलं निमित्त सापडलं होतं. त्या नादात ती दीड वर्ष जगली, आणि अठ्ठावन्नच्या माघात एका दुपारी दूध आणि गोळ्या खाऊन जी झोपली ती उठली नाही.

वर्षश्राद्धाला पेणहून भाऊकाका आले. सत्तरी उलटलेले, काठी टेकत. मधुभटजींनी या वेळी मंत्र म्हटले, सगळे, एकही न गाळता. त्र्यंबक सकाळीच पीठ मळून बसला होता. पानं मांडून होईपर्यंत त्याने अंगणात कढई ठेवली. जायफळाचे दोन भाग केले आणि एक बाजूला ठेवला.

भाऊकाका ओट्यावर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले होते. “काय रे त्र्यंबक,” ते एकदम म्हणाले, “लढाईत तू कॅम्पात कारकून होतास ना? गोदूने मला तेव्हा पोस्टकार्ड टाकलं होतं. दोन टाकली होती.”

आजवर हा प्रश्न कोणी विचारला की त्र्यंबक नुसती मान हलवायचा. आज त्याच्या हातात झारा होता. मान हलवावीशी वाटेना.

“नाही काका,” तो म्हणाला. “नऊ दिवस होतो. मग मला काढलं. पुढची चार वर्षं मी कढईवर होतो. सोजिरांना डोनट तळून घालायचो.”

भाऊकाकांनी काठी भिंतीला टेकवली. “ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “म्हटलं बघू तरी, तू काय सांगतोस.” त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. “ती जायच्या आदल्या दिवाळीत आलं हे. वाच.”

अक्षर प्रमोदिनीचं होतं, भाषा आत्याची. ‘चि. त्र्यंबक लष्करात कारकून झाला असे मागे कळवले होते. ते चुकीचे होते. तो कढईवर होता. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला सांगू नये, शेफारेल. माझ्या पानाला अगत्य यावे म्हणजे खायला मिळेल.’

त्र्यंबकने ते दोनदा वाचलं. मग दाराकडे बघितलं. प्रमोदिनी आत पानावर मीठ वाढत होती आणि वर बघत नव्हती. त्र्यंबकला आता हेमाची पर्वा राहिली नव्हती. तो तिथेच, शेगडीपुढे, झारा धरून मोकळेपणाने रडला. आणि रडता रडता त्याला हसू आलं.

“अरे, जळतंय,” भाऊकाका म्हणाले. “आण की. त्याचसाठी पेणहून आलोय मी.”

“थांबा काका,” त्र्यंबकने डोळे पुसले आणि कढईतला डोनट अलगद उलटला. “आधी तिचं पान.”

भिंतीवर कावळा केव्हाचा येऊन बसला होता. त्याला सगळं पाठ होतं.